अक्कांचा आकडा

अक्का कुणाला ‘व्हेरी गुड’ म्हणाल्या की आम्ही प्रयोगशाळेतली मुलं त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं टाळत असू. त्या रागवायच्या कानडीत, जेवायला वाढायच्या मराठीत, आणि समोरचा थापा मारतोय असं दिसलं की तेवढे दोन शब्द इंग्रजीत बोलायच्या. आवाज अजिबात चढत नसे. एखादा विद्यार्थी पडद्यावर आपला आलेख दाखवत असायचा, सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे एका रेषेत बसलेले. अक्का चष्मा कपाळावर चढवायच्या, पुढे झुकून नीट बघायच्या, ‘व्हेरी गुड’ म्हणायच्या आणि विचारायच्या, ‘जे ठिपके रेषेवर बसले नाहीत ते कुठे ठेवलेस?’ मग त्या मुलाला पाणी प्यावंसं वाटायचं.

म्हैसूरच्या एका संशोधन संस्थेत रक्तविकारांचा विभाग होता, त्याच्या त्या प्रमुख. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण संचालकांपासून झाडलोट करणाऱ्या बायकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. कानडीतही थोरली बहीण अक्का आणि आपल्यातही अक्काच, त्यामुळे त्या हाकेला भाषा बदलावी लागत नसे. मी साताऱ्याची. लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी हूटगळ्ळीच्या एका नव्या, अर्ध्या रिकाम्या वसाहतीत येऊन पडले. हातात एम.एस्सी.ची पदवी होती आणि आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. अक्कांकडे पीएच.डी.साठी मुलाखतीला गेले तेव्हा पाठ केलेलं इंग्रजी बोलायला सुरुवात केली. त्यांनी कागदावरचं माझं आडनाव वाचलं, हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाल्या, ‘मराठी काय गं तू? मग सुम्ने कशाला त्रास घेतेस? अगोदर सांग, जेवलीस का?’ सुम्ने म्हणजे उगाचच, हे मला पुढे कळलं. त्या दिवसापासून मी त्यांची ‘साताराबाई’ झाले.

त्यांचं मराठी ऐकून पहिल्यांदा मला हसू आवरेना. पिढ्यान् पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात चाकरीला आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कानडी अशी मुरली होती की एका वाक्यात दोन्ही भाषा नांदायच्या. ‘मी बोलली ना तुला, स्वल्प सावकाश कर की. गडबड बेड.’ थोडं सावकाश कर, गडबड नको. मी एकदा त्यांचं ‘मी बोलली’ सुधारायला गेले. त्या म्हणाल्या, ‘तुमचं मराठी पुस्तकातलं. आमचं आमच्या स्वयंपाकघरातलं. दोन्हींनी पोट भरतं, अल्वा?’ नाही का? पुन्हा मी सुधारायला गेले नाही. उलट दोन वर्षांत माझा नवरा मला विचारू लागला, ‘हे सारखं सारखं अय्यो काय म्हणतेस?’

अक्कांनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी आडून विचारलं की म्हणायच्या, ‘राहून गेलं. मशीन चालू होतं.’ मंडी मोहल्ल्याकडच्या जुन्या घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ राहायचे. शनिवारी दुपारी आम्हा मुलांना तिथं जेवायला बोलावणं असायचं. मटणाचा पुलाव, त्याबरोबर कांद्याचं दही, आणि वर आग्रह इतका की ‘साकु, अक्का, साकु’, पुरे, पुरे, म्हणून पानावर आडवं पडावं लागायचं. जेवताना कामाचं बोलायची बंदी होती. एकदा कुणी तरी ‘केस’ हा शब्द काढला, तर त्यांनी वाढता हात थांबवला. ‘ती बाई आहे. तिचं नाव आहे. केस वकिलाकडे असते.’

त्यांचं नाव झालं होतं ते एका सूत्रामुळे. ते सांगितल्याशिवाय अक्का कळायच्या नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी लहान असल्या तर त्याची कारणं सहसा दोन असतात. एक तर अंगात लोह कमी असतं, गोळ्या घेतल्या की भरून निघतं. किंवा ती व्यक्ती थॅलेसेमियाची वाहक असते. वाहकाला स्वतःला काही होत नाही, पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर त्यांचं मूल असं जन्माला येऊ शकतं की ज्याला जगण्यासाठी जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागतं. हे दोन प्रकार वेगळे ओळखायची तपासणी महाग. अक्का तरुण असताना त्यांनी एक सोपं गणित बसवलं. कुठल्याही तालुक्याच्या गावी होणाऱ्या साध्या रक्तमोजणीचे आकडे घ्यायचे, सूत्रात घालायचे, उत्तर एका बाजूला आलं तर लोहाची कमतरता, दुसऱ्या बाजूला आलं तर पुढची तपासणी करायची. कागद-पेन्सिल पुरे. तो पेपर त्यांनी आपल्या मार्गदर्शकांबरोबर लिहिला होता. ते मूळचे पुण्याचे, पुढे दिल्लीत फार मोठ्या पदावर गेले. अक्का त्यांना ‘मोठे सर’ म्हणायच्या.

पेपर गाजला. गरीब देशांतल्या डॉक्टरांनी तो उचलून धरला. जो तो आपल्या पेपरात अक्कांच्या पेपराचा हवाला देऊ लागला. संशोधकांच्या जगात अशा प्रत्येक हवाल्याला सायटेशन म्हणतात आणि माणसाची किंमत अलीकडे त्यांच्या बेरजेवर करतात. मी संस्थेत आले त्याच सुमाराला नवे संचालक आले. सोमवारची बैठक ते अक्कांचा आकडा वाचून सुरू करायचे. प्रवेशद्वारावर अक्कांचा फोटो असलेला भला मोठा फलक लागला, त्याखाली तोच आकडा. दर काही महिन्यांनी आकडा वाढायचा आणि फलक बदलायचा. अक्का त्या फाटकातून येताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत चालायच्या. म्हणायच्या, ‘माझी शुगर पण एवढ्या वेळा कोणी विचारत नाही.’

आमची तपासणी शिबिरं नंजनगूडच्या रस्त्याला, पलीकडच्या खेड्यांत व्हायची. गरोदर बायका रांगेत बसायच्या आणि नवरे बाहेर चहाच्या टपरीवर. अक्का स्वतः टपरीवर जाऊन त्यांना हाकलून आत आणायच्या. ‘बायकोचं रक्त काढतात आणि तू बिस्किट खातोस? बा, बा, आत ये. हात धर तिचा.’ दांडगे पुरुष मान खाली घालून आत यायचे. त्यांचं रक्त मात्र आम्ही घेत नसू. बायको सूत्रात निर्दोष सुटली तर नवऱ्याला तपासायची गरजच नव्हती. तेच तर त्या सूत्राचं वैशिष्ट्य होतं, त्यामुळेच ते स्वस्त पडायचं. माझा प्रबंधही त्यावरच होता: अक्कांचं सूत्र गरोदर बायकांमध्ये कसं चालतं. माझा पहिला पेपर छापून आला तेव्हा अक्कांनी घरून नारळाच्या करंज्या आणल्या आणि सगळ्यांना वाटल्या.

सविता आणि महादेव आमच्याकडे आले ते त्यानंतर. शहरातल्या एका रुग्णालयातून एका तान्ह्या मुलीच्या रक्ताचा नमुना आला होता. पोर पांढरीफटक पडत चालली होती आणि तिथल्या डॉक्टरांना शंका होती. अक्कांनी अहवाल पाहिला आणि शंकेला जागाच उरली नाही. आई आणि बाप दोन्हीकडून आलेला थॅलेसेमिया. त्यांनी आईबापांना बोलावून घेतलं. महादेव कडकोळच्या एका कारखान्यात कामाला होता, अजून अंगावर कारखान्याचा निळा शर्ट होता. सविता मुलीला पदराखाली घेऊन बसली होती. अक्कांनी त्यांना हलक्या आवाजात, कानडीत सगळं समजावून सांगितलं आणि मग नेहमीसारखं विचारलं, ‘गरोदरपणी तपासणी का नाही केलीस, बाळा?’

सविता म्हणाली, ‘केली की. तुमच्याच शिबिरात केली. तुम्हीच ह्यांना टपरीवरून आत बोलावलंत. तुमच्या माणसांनी सांगितलं, फक्त लोह कमी आहे. गोळ्या दिल्या. मी एकही चुकवली नाही.’

अक्कांनी दोघांचं रक्त घ्यायला मला खूण केली. महाग तपासणी केली. दोघंही वाहक निघाले. सविताच्या अंगात लोह कमी होतं हेही खरं होतं आणि ती वाहक होती हेही खरं होतं. दोन्ही एकदम. सूत्राला त्यातलं एकच दिसलं होतं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले तर संगणकावर त्यांचाच तो जुना पेपर उघडा होता. त्यातला प्रसिद्ध आलेख, ठिपके दोन बाजूंना स्वच्छ विभागलेले. अक्का चष्मा कपाळावर चढवून बघत होत्या. मला पाहिलं, पण बोलल्या त्या पडद्याशीच. ‘व्हेरी गुड, अक्का.’

मग त्यांनी मला सांगितलं. सूत्र बसवताना काही नमुने कुठल्याच बाजूला बसत नव्हते. त्या बायकांमध्ये दोन्ही दोष होते. मोठे सर म्हणाले होते, असे थोडेच असतात, त्यांच्यामुळे चित्र गढूळ होतंय, ते वगळ. त्यांनी वगळले. पेपरात तशी एक ओळ लिहिली आणि काम पुढे गेलं. ‘मी तेव्हा तुझ्याएवढी होती,’ त्या म्हणाल्या. ‘ते म्हणाले थोडेच. मी विचारलं नाही, कुठे थोडेच? दवाखान्यात येणाऱ्या शहरी बायकांत थोडेच असतील. आपल्या शिबिरात कोण येतं? जिच्या अंगात लोह नाही तीच येते ना गं?’

पुढचे कित्येक महिने आम्ही दोघींनी तेच काम केलं. शिबिरांतल्या ज्या बायकांना ‘फक्त लोह कमी’ म्हणून परत पाठवलं होतं, त्यांना शोधून पुन्हा तपासायचं. काही सापडल्या, काही सापडल्या नाहीत. काही जणींच्या दारात उभं राहिल्यावर आतून पोराच्या रडण्याचा आवाज यायचा आणि अक्का माझा दंड घट्ट धरायच्या. बहुतेक ठिकाणी पोरं ठणठणीत असायची, कारण नवरा वाहक नसायचा. पण आपण नशिबानं वाचलो हे त्या बायकांना ठाऊकही नव्हतं. सूत्र चुकत होतं, आणि जिथं त्याची सगळ्यांत जास्त गरज होती तिथंच जास्त चुकत होतं, हे शेवटी स्वच्छ दिसलं.

अक्कांनी मोठ्या सरांना फोन लावला. मी समोर होते. फोन मोठ्या आवाजावर होता.

‘अगं, पण आपण ते लिहिलंय ना,’ मोठे सर म्हणाले. ‘मिश्र नमुने वगळले आहेत, अशी स्पष्ट ओळ आहे.’

‘ती ओळ कोणी वाचत नाही, सर. सूत्र वाचतात.’

‘मग तो वाचणाऱ्याचा दोष.’

‘मी पण वाचली नाही, सर. माझीच ओळ. मीच शिबिरं घेतली.’

मोठे सर समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘हे बघ, तुझी निवृत्ती जवळ आलीय. एवढं मोठं काम तुझ्या नावावर आहे. ते आपल्या हातानं कशाला मोडतेस? नव्या पेपरात एखादा परिच्छेद टाक की, मर्यादा म्हणून.’

‘मर्यादा नाही ती. पोर आहे ती. चिन्नू म्हणतात तिला,’ अक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मोठ्या सरांशी त्या आयुष्यात प्रथमच अशा बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या सविताच्या घरी निघाल्या. मी म्हटलं, त्यांना काय कळणार, कशाला जाताय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं गाडीत बसले. कारखान्यापासून जवळच दोन खोल्यांचं घर होतं. अक्का खुर्चीवर बसल्या नाहीत, सतरंजीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, ‘त्या दिवशी चूक तुमची नव्हती. शिबिरातल्या माणसांचीही नव्हती. ते गणित मी केलेलं आहे. ते चुकलं.’

महादेव उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. ‘मग आता का सांगता? सांगून काय होणार? हिला दर महिन्याला रक्त लागतं, ते तुम्ही देणार?’ तो बाहेर निघून गेला, दारात चपला घालताना त्याचा पाय दोनदा चुकला. सविता मात्र जागची हलली नाही. तिनं विचारलं, ‘तुम्ही हे सगळ्यांना सांगाल ना, अक्का? जे जे ते गणित करतात त्यांना?’

‘सांगेन,’ अक्का म्हणाल्या.

त्या सांगायला गेल्या तो सगळा काळ आठवला की आजही माझ्या तोंडाची चव जाते. संचालकांनी त्यांना खोलीत बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की संस्थेचं मूल्यमापन तोंडावर आलंय, निदान तेवढं होईपर्यंत थांबा. ज्या नियतकालिकात मूळ पेपर आला होता त्यांनी लिहिलं की ही चूक म्हणता येणार नाही, मूळ लेखात वगळल्याचा उल्लेख आहेच, शिवाय सहलेखकाची संमती नाही. शेवटी एका लहानशा नियतकालिकानं अक्कांची दुरुस्ती छापली. मथळ्यातच लिहिलं होतं की हे सूत्र रक्तक्षय असलेल्या बायकांमध्ये वापरू नका. इतका साधा, गावंढळ मथळा संशोधनाच्या जगात कुणी देत नाही.

त्या दुरुस्तीवर माझं नाव नाही. निम्मं काम माझं होतं. मी दारोदार हिंडले होते, तपासण्या मी केल्या होत्या, तक्ते मी मांडले होते. छापायला पाठवायच्या दिवशी पाहिलं तर लेखकाच्या जागी एकट्या अक्का. मी इतकी भांडले की बाहेरच्या खोलीतली मुलं गप्प झाली. अक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘तुझी नोकरी लागायची आहे. ह्यावर नाव घातलंस की मोठे सर तुला कुठल्या मुलाखतीत उभं करतील का? तुझा तो पहिला पेपर आहे, तो असू दे. त्यावर तुला नोकरी लागेल.’

‘तो चुकीचा आहे, अक्का.’

‘हौदु,’ त्या म्हणाल्या. हो. ‘म्हणून तर लागेल.’

त्यांनी ते विनोदानं म्हटलं नव्हतं. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मात्र त्यांनी मला नव्यानं लिहायला लावलं आणि त्यात सगळं खरं लिहिलेलं आहे. विद्यापीठाच्या कपाटात ते असेल.

त्यानंतर वर्षभरात संस्थेचा वार्षिक समारंभ झाला. सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाचा सन्मान, म्हणजे अर्थात अक्का. आम्हाला वाटलं, त्या जाणार नाहीत. त्या गेल्या. म्हैसूर सिल्कची मोरपंखी साडी नेसून गेल्या. त्यांना फेटा बांधला, शाल घातली. बोलायला उभ्या राहिल्यावर त्यांनी माइक धरून आधी कानडीत आणि मग इंग्रजीत सांगितलं, ‘ज्या पेपरासाठी तुम्ही मला हे देताय तो अपुरा आहे. त्यामुळे लोकांचं नुकसान झालंय. तो वापरू नका, त्याचा हवाला देऊ नका.’ टाळ्यांचा असा कडकडाट झाला की थांबेना. पाहुणे उठून उभे राहिले. संचालक माइकवर येऊन म्हणाले, ‘हीच खऱ्या विद्वानाची नम्रता.’ अक्का माइक परत मागत होत्या. तोवर राष्ट्रगीत सुरू झालं. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फेट्यातला फोटो आला, खाली मथळा: विनम्र शास्त्रज्ञ.

मग त्यांनी ईमेल लिहायला घेतल्या. ज्यांनी ज्यांनी मूळ पेपराचा हवाला दिला होता त्यांचे पत्ते काढायचे आणि एकेकाला कळवायचं. प्रत्येकाला वेगळं, त्याचा पेपर वाचून. मी म्हटलं, एकच मजकूर सगळ्यांना पाठवू. ‘बेड. मग ते जाहिरात समजतात.’ बहुतेकांची उत्तरं आली नाहीत. काहींनी आभार मानून विषय संपवला. एकानं कळवलं की पेपर तपासणारे हेच सूत्र मागतात, नाही घातलं तर परत पाठवतात. आणखी एका सद्गृहस्थानं लिहिलं की तुमची दुरुस्ती वाचून आनंद झाला, पुढच्या लेखात कृपया माझ्याही पेपराचा हवाला द्यावा. ते वाचून अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं, पण थांबलं नाही. मी तिथून उठून गेले.

दुरुस्तीचा हवाला जवळजवळ कुणीच दिला नाही. मूळ पेपराचा आकडा मात्र वाढतच राहिला. गंमत अशी की अक्कांच्या त्या भाषणाची बातमी आल्यावर तो आणखीच वाढला.

निवृत्तीनंतर एरवी अशा माणसांना मानद प्राध्यापक म्हणून ठेवून घेतात. अक्कांना ठेवलं नाही. कारण कुणी दिलं नाही, अक्कांनी विचारलंही नाही. त्यांची खोली एका नव्या माणसाला मिळाली, तो आला तेव्हा अक्कांच्या खुर्चीवरची उशी बाहेरच्या बाकावर ठेवलेली होती. ती मी घरी पोचवली. त्यांनी बिनसाखरेची कॉफी दिली आणि म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी आलीस? फेकून द्यायची होती.’

ज्या दिवशी चिन्नूला रक्त चढवायचं असेल त्या दिवशी अक्का रुग्णालयात जाऊन बसू लागल्या. महादेवनं सुरुवातीला त्यांच्याकडे पाठ केली. अक्का तरी जात राहिल्या. सुई टोचताना पोरीला त्या घोड्यांच्या गोष्टी सांगायच्या, त्यांच्या पणजोबांचा एक पांढरा घोडा म्हणे नुसता मुजरा घ्यायचा. हळूहळू त्या वॉर्डातली बाकीची पोरंही पलंगावर उठून बसायला लागली. महादेव रक्तदाते मिळवायला त्यांच्या भावाबरोबर हिंडायला लागला. बोलायला कधी लागला ते मला माहीत नाही. पण एकदा मी गेले तेव्हा तो अक्कांसाठी बाहेरून इडली घेऊन आला होता, आणि सांबार वेगळं बांधून आणलं होतं, कारण त्यांना इडली भिजलेली चालत नसे. चिन्नू त्यांना अज्जी म्हणायची.

मला नोकरी लागली. एका महाविद्यालयात. मुलाखतीत मला दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही माझ्या पहिल्या पेपरावर होते. मी सांगायला लागले की ते सूत्र पुढे चुकीचं ठरलं, तर समितीतल्या एका बाईंनी घड्याळाकडे बघून म्हटलं, ‘ते ठीक आहे, पण सायटेशन चांगली आहेत.’ मी अक्कांना फोन करून नोकरी लागल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आयतु. झालं एकदाचं. आता शिकवताना तरी खरं शिकव.’ ते मी शिकवते. मुलं परीक्षेत मात्र सूत्रच लिहितात, कारण पाठ्यपुस्तकात तेच आहे.

अक्का गेल्या त्या सकाळी, घरात, भावानं कॉफी आणून ठेवली आणि त्या उठल्याच नाहीत. कुणाला काही करायला संधी मिळाली नाही. संस्थेनं शोकसभा ठेवली. स्टेजवर फेट्यातला तोच फोटो, हार घातलेला. मोठे सर दिल्लीहून पडद्यावर आले आणि त्यांनी आपल्या या विद्यार्थिनीच्या काटेकोरपणाच्या आठवणी सांगितल्या. मग संचालक उठले. त्यांनी अक्कांचा आकडा वाचला. तो मी शेवटचा ऐकला होता त्याहून बराच मोठा झाला होता.

सविता माझ्या शेजारी बसली होती. महादेवची कारखान्यात पाळी होती म्हणून ती एकटीच चिन्नूला घेऊन आली होती. चिन्नू आता शाळेत जाते. त्या दिवशी दुपारी तिला रक्त चढवायचं होतं, म्हणून ती पेंगुळल्यासारखी आईला टेकली होती. संचालक इंग्रजीत बोलत होते. अक्का आज आपल्यात नाहीत, पण त्यांचं सूत्र जिवंत आहे, वगैरे. लोक माना डोलावत होते. सविताला इंग्रजी येत नाही. तिनं माझ्या कोपराला हात लावून हळूच विचारलं, ‘काय म्हणतायत ते?’

मी कानडीत सांगितलं, ‘म्हणतायत, अक्कांचं ते गणित देशोदेशी वापरतात.’

ती माझ्याकडे बघत राहिली. आपल्या ऐकण्यात चूक झाली असावी असं तिला वाटलं असणार.

‘इन्नू?’ ती म्हणाली. अजूनही?

मी मान हलवली. सवितानं चिन्नूचे केस मागे सारले, तिला उठवून उभं केलं आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत दोघी बाहेर निघून गेल्या. तेवढ्यात संचालकांनी श्रद्धांजलीसाठी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. मीही राहिले. कुणी काही बोलत नव्हतं, आणि ते आम्हा सगळ्यांना छान जमत होतं.